नाक माशाला खाद्यापर्यंत आणतं, गिळायचं की थुंकायचं ते चव ठरवते

तुमचे प्रश्न दोन आहेत. मासे पाण्यातच जगतात, त्यांच्यापर्यंत जे काही पोचतं ते विरघळूनच पोचतं. मग वास आणि चव या त्यांच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत का? आणि खाद्यात उग्र वासाचे अर्क मिसळले की मासे खरंच जास्त खातात का? मत्स्यबीज केंद्रात आणि माशांचं खाद्य तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिला नीट समजल्याशिवाय देता येत नाही, म्हणून आधी पहिला घेतो.

दोन्ही गोष्टी पूर्णपणे वेगळ्या आहेत. आपल्याला हा फरक सोपा वाटतो, कारण हवेतून येतो तो वास आणि जिभेवर विरघळते ती चव. माशाच्या बाबतीत ही खूण उपयोगी नाही. तिथे फरक पदार्थात नसतो. कोणत्या अवयवाने तो टिपला आणि कोणत्या चेतातंतूने मेंदूच्या कोणत्या भागात नेला, यात असतो. वासाची खबर पहिल्या मस्तिष्क चेतातंतूतून थेट मेंदूच्या पुढच्या टोकाला जाते. चवीची खबर सातव्या, नवव्या आणि दहाव्या चेतातंतूंमधून मागच्या मेंदूत जाते. अ‍ॅलानिन नावाच्या अमिनो आम्लाचा एक रेणू नाकात शिरला, तर माशाला कळतं की जवळपास कुठेतरी खाण्याजोगं काही आहे. तोच रेणू ओठाला किंवा मिशीला लागला, तर अर्थ बदलतो: ते इथेच आहे, तोंड उघड.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण खाद्याच्या बाबतीत सगळा घोळ इथेच होतो. हवेत वास येण्यासाठी पदार्थ उडून जाणारा असावा लागतो. पाण्यात त्याची गरज नाही, तो विरघळला की पुरे. अमिनो आम्लं हवेत उडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पुडीला आपल्याला जवळजवळ वासच येत नाही. पण माशांच्या नाकाला सर्वांत जोरात जाणवणाऱ्या पदार्थांत तीच येतात. उलट, बाटली उघडताच खोली भरून टाकणारं सुगंधी तेल पाण्यात नीट विरघळतच नसेल, तर माशाला ते फारसं जाणवेल असं नाही. म्हणून खाद्याची पिशवी हुंगून तिच्याबद्दल मत बनवू नका. आपलं नाक या परीक्षेला बसायच्या लायकीचं नाही.

माशाचं नाक श्वास घेत नाही. बहुतेक हाडमाशांत डोळ्यांच्या पुढे दोन्ही बाजूंना एक छोटी खोबण असते आणि तिला दोन भोकं असतात. पुढच्या भोकातून पाणी आत येतं, मागच्यातून बाहेर जातं. घशाशी तिचा संबंध नसतो. फुप्फुसमाशांसारखे मोजकेच गट याला अपवाद आहेत. पाणी आत खेळवण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या. काहींचं काम पोहण्यानेच होतं, काहींच्या खोबणीतले सूक्ष्म केस पाणी ढकलतात, तर काहींना आत पिशवीसारखा भाग असतो आणि जबड्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर तो दाबला जाऊन पंपासारखा चालतो. खोबणीच्या तळाशी पातळ पापुद्र्यांची गुलाबासारखी घडी असते. वाम माशात हे पापुद्रे भरपूर असतात. डोळ्यांवर विसंबून शिकार करणाऱ्या पाईक माशात ते थोडे असतात.

या पापुद्र्यांवर वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांच्यात कामाची वाटणी आहे. केसाळ पेशी मुख्यतः पित्ताम्लं ओळखतात, सूक्ष्मांकुर असलेल्या पेशी मुख्यतः अमिनो आम्लं ओळखतात, आणि तिसऱ्या, खोलगट प्रकारच्या पेशींचा संबंध प्रजननाच्या संकेतांशी जोडला जातो. पित्ताम्लं ऐकून नवल वाटेल, पण विष्ठा आणि लघवीतून बाहेर पडणारी ही द्रव्यं ‘इथे दुसरे मासे आहेत’ हे सांगणारी फार विश्वासू खूण आहे. लॅम्प्रे हा जबडा नसलेला प्राणी तर तिच्यावरच जोडीदार शोधतो. नर लॅम्प्रे पित्ताम्लाच्या जातीचं एक द्रव्य सोडतो आणि अंडी तयार झालेल्या माद्या त्याच्या दिशेने प्रवाहाविरुद्ध पोहत येतात. हे २००२ मध्ये सिद्ध झालं. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत या परजीवी प्राण्याने माशांचं मोठं नुकसान केलं होतं, म्हणून आता सापळ्यांत हेच द्रव्य आमिष म्हणून वापरायला तिथे मान्यता आहे.

संवेदनशीलता किती असते? अमिनो आम्लांसाठी अनेक माशांच्या नाकाची मर्यादा लिटरमागे एका मोलच्या अब्जाव्या भागाच्या आसपास जाते. अ‍ॅलानिनचा हिशेब केला तर दहा लाख लिटर पाण्यात साधारण ९० मिलिग्रॅम. प्रजननाचे संकेत याहून बारीक असतात. गोल्डफिशची मादी अंडी सोडण्याच्या आधी एक संप्रेरक पाण्यात सोडते आणि नराला ते याच्या हजारपट विरळ असतानाही कळतं. तेवढ्यावर त्याच्या शरीरात शुक्रद्रव वाढू लागतो. बीज केंद्रात काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. नर आणि मादी यांच्यात नुसती जाळी असली, पण पाणी एकच असलं, तर ते एकमेकांपासून वेगळे झालेले नसतात.

शार्कबद्दल जे सांगितलं जातं, की मैलभरावरून रक्ताचा एक थेंब हुंगतो, ते सोडून द्या. पाच जातींचे शार्क आणि पाखट यांची नाकं मोजून पाहिली गेली, तेव्हा अमिनो आम्लांच्या बाबतीत त्यांची मर्यादा इतर माशांसारखीच निघाली. शिवाय पाण्यात रेणू स्वतःहून पसरतात ते हवेच्या सुमारे दहा हजारपट हळू. वास दूर जातो तो प्रवाहाबरोबर, आणि जातो तोही अखंड धारेने नाही, तर तुटक तुटक पुंजक्यांनी. शार्कचं खरं कसब दिशा ओळखण्यात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज पार्कर यांनी लहान शार्कची एक नाकपुडी कापसाने बंद केली, तेव्हा तो उघड्या नाकपुडीच्या बाजूला वळत राहिला. पुढे २०१० मध्ये दिसून आलं की दोन नाकपुड्यांत वास किती तीव्र आहे यापेक्षा तो कोणत्या नाकपुडीत आधी पोचला याकडे शार्क लक्ष देतो. अर्ध्या सेकंदाहून कमी अंतर त्याला पुरतं.

नाकाच्या ताकदीचा सर्वांत सुंदर पुरावा मात्र सॅल्मनचा आहे. समुद्रात वाढलेला सॅल्मन अंडी घालायला स्वतःच्या जन्माच्या ओढ्यातच परततो. आर्थर हॅस्लर आणि वॉरेन विस्बी यांनी १९५१ मध्ये मांडलं की प्रत्येक ओढ्याच्या माती-वनस्पतींचा एक विशिष्ट वास असतो आणि पिल्लू तो लहानपणी मनात कोरून घेतं. मग अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा ओढ्याच्या दोन फाट्यांवर परतलेले मासे त्यांनी पकडले, काहींच्या नाकपुड्या बुजवल्या आणि सगळ्यांना संगमाच्या खाली सोडलं. नाक उघडं असलेले बहुतेक आपापल्या फाट्यात गेले. नाक बुजलेल्यांना निवड करता आली नाही, ते दोन्हीकडे विखुरले. १९७० च्या दशकात मिशिगन सरोवराकाठी हॅस्लर यांच्या गटाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. सॅल्मनची पिल्लं समुद्राकडे निघण्याच्या वयाची असताना त्यांना मॉर्फोलिन किंवा फेनेथिल अल्कोहोल या कृत्रिम वासाच्या पाण्यात ठेवलं, नंतर सरोवरात सोडलं, आणि दीड वर्षाने वेगवेगळ्या ओढ्यांत हे वास मिसळले. मोठे झालेले मासे आपल्या लहानपणीच्या वासाच्या ओढ्यात शिरले, मग तो ओढा त्यांनी जन्मात पाहिलेला नसला तरी. मला हा प्रयोग मासळीच्या अभ्यासातल्या सर्वोत्तम प्रयोगांपैकी एक वाटतो, कारण त्यात पळवाटेला जागाच ठेवलेली नाही.

भीतीही नाकातूनच येते. मधमाश्यांच्या अभ्यासासाठी पुढे नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ मध्ये पाहिलं की जखमी मिनो मासा कळपात सोडला की बाकीचे दचकून पळतात. त्वचेतल्या काही पेशींत एक द्रव्य साठवलेलं असतं. त्याला बाहेर पडायला वाटच नसते. कातडी फाटली तरच ते पाण्यात येतं. कार्प आणि कॅटफिशच्या मोठ्या कुळात हे सर्रास आढळतं. टाकीत मासे हाताळताना कुणाची कातडी खरचटली आणि नंतर सगळी टाकी तळाशी दबून बसली, खाद्याकडे फिरकेना, तर खाद्याला दोष देण्याआधी पाणी बदला.

आता चवीकडे येतो. माझं मन खरं इथे रमतं.

आपल्या रुचिकलिका काही हजार असतात आणि जवळजवळ सगळ्या तोंडात असतात. माशाच्या रुचिकलिका ओठांवर, कल्ल्यांच्या कमानींवर, मिशांवर, कित्येक जातींत परांवर आणि अख्ख्या कातडीवर पसरलेल्या असतात. चॅनेल कॅटफिशच्या अंगावर त्या एक लाखाहून जास्त आहेत. जडसन हेरिक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवलं की मांसाचा तुकडा कॅटफिशच्या कुशीला हळूच लावला तर तो तत्क्षणी वळून त्याला धरतो. बिनचवीचा कापूस लावला तर तसं करणं तो लवकरच सोडून देतो. पुढे १९६७ मध्ये बार्डाख आणि सहकाऱ्यांनी नाक निकामी केलेल्या कॅटफिशवर काम केलं. नुसत्या मिशा आणि कातडीच्या चवीवर ते दूरचा स्रोत शोधून काढत होते. म्हणजे ‘वास दुरून, चव स्पर्शाने’ हा नियम बहुतेक माशांना लागू असला तरी कॅटफिशने तो मोडला आहे.

पण तुमच्या प्रश्नाला भिडणारा प्रयोग १९७१ मधला आहे. येले आतेमा यांनी कॅटफिशच्या मेंदूतले चवीचे दोन भाग वेगवेगळे काढून पाहिले. सातव्या चेतातंतूचा, म्हणजे बाहेरच्या अंगाच्या चवीचा भाग काढला, तर मासा समोर पडलेलं अन्न उचलेना. तोंडात घातलं तर मात्र गिळी. दहाव्या चेतातंतूचा, म्हणजे घशाकडच्या चवीचा भाग काढला, तर तो शोधी, उचली, तोंडात घेई आणि गिळत नसे. एकाच मेंदूत दोन दरवान आहेत. बाहेरचा उचलायची परवानगी देतो, आतला गिळायची.

कार्प आणि गोल्डफिश यांच्यात हा आतला दरवान फार प्रबळ असतो. त्यांच्या टाळ्यावर स्नायूंची जाड गादी असते आणि तिच्यावर रुचिकलिका दाटीने असतात. मासा वाळूसकट घास घेतो. जिथे चव लागते तिथली गादी फुगून अन्न धरून ठेवते आणि बाकीची वाळू कल्ल्यांवाटे किंवा तोंडातून बाहेर जाते. यासाठी लागणारा मेंदूतला दहाव्या चेतातंतूचा भाग इतका वाढलेला असतो की मेंदू उघडून पाहणाऱ्याला तो ताबडतोब नजरेत भरतो.

चवीच्या बाबतीत माशांची जुळवाजुळव आपल्यापेक्षा वेगळी आहे. आपण ज्या जोडीच्या ग्राहीने (पेशीवरच्या, द्रव्य ओळखणाऱ्या प्रथिनाने) साखर ओळखतो, तिच्या नात्यातले माशांचे ग्राही अमिनो आम्लांना प्रतिसाद देतात. झेब्राफिश आणि मेडाका यांच्यावर २००७ मध्ये हे दाखवलं गेलं. कडू ओळखणारे ग्राही मात्र माशांत आहेत आणि ते कडूच ओळखतात. अलेक्झांडर कासुम्यान यांनी मॉस्कोत कितीतरी जातींच्या माशांना एकेका द्रव्याच्या आगरच्या गोळ्या देऊन कोण काय गिळतो आणि काय थुंकतो हे मोजलं. त्यातून निघालेली गोष्ट अशी की आवड जातीगणिक बदलते. एका जातीला हवंहवंसं वाटणारं द्रव्य दुसरी जात थुंकून टाकते. सगळ्या माशांना चालणारा ‘चवदार’ अर्क अशी वस्तू नाही, आणि तशी जाहिरात दिसली तर तिच्यावर पैसे घालू नका. टर्बट नावाच्या चपट्या माशाला गिळायला लावण्यात इनोसिन आणि त्याचं फॉस्फेट हीच जोडी खास ठरली, हे १९७८ मध्ये माकी आणि अ‍ॅड्रन यांनी दाखवलं. हीच जोडी तुमच्या माशाला लागू पडेल असं धरून चालू नका.

चवीच्या जगात इतर नवलंही आहेत. जपानच्या किनाऱ्यावरचा एक समुद्री कॅटफिश मिशांनी पाण्याच्या सामूतला ०.१ हून लहान फरक ओळखतो. वाळूत लपलेला किडा श्वास सोडतो, त्याने पाणी किंचित आम्ल होतं, आणि तेवढ्यावर त्याचा ठावठिकाणा लागतो. हे २०१४ मधलं काम आहे. सी-रॉबिन मासे छातीच्या परांचे सुटे काटे पायांसारखे वापरून तळावर चालतात. त्यांतल्या एका जातीच्या पायांवर चव ओळखणारे उंचवटे आहेत आणि ती गाडलेलं भक्ष्य उकरून काढते; दुसऱ्या जातीत ते उंचवटे नाहीत आणि ती उकरत नाही. गुहेतल्या आंधळ्या अ‍ॅस्टियानॅक्स माशाचं नाक आणि रुचिकलिका दोन्ही त्याच्या उजेडात राहणाऱ्या भाऊबंदांपेक्षा वाढलेल्या आहेत.

आता अर्काचा प्रश्न. वासाचा अर्क मासे जवळ आणतो, एवढंच त्याचं काम. मासे टाकीच्या एका कोपऱ्यात गोळा झाले, पाणी उसळलं, म्हणजे खाद्य आवडलं असं मानण्याची सवय सर्वत्र आहे आणि ती फसवी आहे. खरी परीक्षा त्यानंतरच्या काही सेकंदांत असते. खाद्याच्या मोजक्या गोळ्या टाका आणि एकच मासा नजरेत धरा. गोळी तोंडात गेल्यावर ती तिथेच राहते, की बाहेर येते, परत आत जाते, परत बाहेर येते? पुन्हा पुन्हा थुंकून मग गिळलेली गोळी म्हणजे आतला दरवान नाखूश आहे. थुंकून सोडून दिलेली गोळी म्हणजे नापसंती पक्की. गोळीचा आकार किंवा कडकपणा चुकला तरी मासा थुंकतो, म्हणून हीच चाचणी लहान आणि मऊ गोळीवरही करून पाहा. गोळी बदलूनही थुंकणं चालूच राहिलं, तर दोष चवीत आहे. तो बहुधा खवट झालेल्या तेलात सापडतो, किंवा मासळीच्या भुकटीऐवजी जास्त वनस्पती-प्रथिनं घातल्यावर आलेल्या कडवट द्रव्यांत. तिथे वरून ओतलेला वास कामाचा नाही. तेल ताजं हवं, वनस्पतीचा वाटा कमी हवा, किंवा गिळण्याला चालना देणारी अमिनो आम्लं, बीटेन यांसारखी द्रव्यं गोळीच्या आत मिसळायला हवीत.

‘आत’ हा शब्द जाणूनबुजून लिहिला. अमिनो आम्लं पाण्यात पटकन विरघळतात. गोळीवर नुसती शिंपडली तर थोड्याच मिनिटांत ती पाण्यात निघून जातात. झडप घालून खाणाऱ्या माशाला ते चालेल. तळावर सावकाश चरणाऱ्या माशापर्यंत गोळी पोचेपर्यंत ती चवीला कोरी झालेली असते. तिथे पाण्यात लवकर न सुटणारी, चांगल्या बांधणीची गोळीच लागते.

शेवटी पाण्याचं सांगतो, कारण बहुतेकदा दोष खाद्यात नसून तिथे असतो. वास टिपणाऱ्या पेशी श्लेष्माच्या पातळ थराखेरीज कोणत्याही आडोशाशिवाय थेट पाण्यात उघड्या असतात. मेंदूचे तंतू बाहेरच्या जगाला इतके उघडे क्वचितच असतात. विरघळलेलं तांबं लिटरमागे दोन-तीन मायक्रोग्रॅमने वाढलं तरी कोहो सॅल्मनच्या नाकाचा प्रतिसाद अर्ध्या तासाच्या आत सुमारे पाव भागाने घटतो, हे २००३ मध्ये मोजलं गेलं. थोडं जास्त असेल तर पिल्लं धोक्याच्या वासालाही दाद देत नाहीत. शेवाळ किंवा परजीवी मारायला मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार, वापरणाऱ्याने हे जाणून घ्यावं. कुजलेल्या पानांतून येणारी ह्यूमिक आम्लंही वास झाकतात. स्वोर्डटेल माद्यांना अशा पाण्यात आपल्या जातीचे नर ओळखता आले नाहीत, असं २००६ मध्ये दिसलं. समुद्र आम्ल झाल्याने प्रवाळातल्या माशांचं नाक बिघडतं, हा दावा मात्र जपून घ्या. तो २००९ पासून गाजला, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पडताळणीत तसा परिणाम सापडला नाही.

वासाच्या पेशी आयुष्यभर नव्याने येत राहतात, ही दिलासा देणारी बाजू आहे. तांब्याचा हलका मारा काही दिवसांत भरून निघू शकतो. पेशीच मेल्या असतील तर आठवडे लागतात. चवीची यंत्रणा त्यामानाने दणकट आहे, ती तीन वेगळ्या चेतातंतूंवर उभी आहे. म्हणून मोरचुदाच्या उपचारानंतर मासे खाद्याकडे येईनात, पण गोळी थेट तोंडासमोर पडली की गिळतात, असं दिसलं तर खाद्य बदलू नका. त्या दिवसांत थोडं थोडं खाद्य मासे जिथे आहेत तिथेच टाका आणि उरलेलं लगेच काढून घ्या.